अकरा नंबरचा बावटा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विशाखापट्टणम येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत मला बोलावून मंडळाने माझा जो मान केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. माझ्याआधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर आपल्याला तृप्त केले. मी मात्र साहित्याचा माणूस नव्हे. आयुष्यभर बंदरात कारकुनी केली. त्यामुळे मला जे थोडेफार ठाऊक आहे त्याविषयीच, म्हणजे समुद्राविषयी आणि त्याच्या कोपाविषयी, चार गोष्टी सांगण्याची परवानगी मागतो.

आपण या शहरात समुद्राकाठी राहतो, पण त्याच्याशी आपला परिचय किती? सायंकाळचे फिरणे, पाहुण्यांना दाखवण्याचे ठिकाण आणि गणेशविसर्जनाचा दिवस, एवढाच. या गावात आपली माणसे आली ती उद्योगाच्या निमित्ताने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ साली येथे जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला आणि त्यातून बाहेर पडलेले 'जलउषा' हे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, हे आपण अभिमानाने सांगतो. समुद्राने आपल्याला अन्न दिले. त्याची भाषा शिकण्याचे मात्र आपल्याकडून राहून गेले.

माझा जन्म श्रीवर्धनचा. तेथे लहानपणी 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' हे शब्द कानी पडले की आई अंगणातली वाळवणे उचलायला धावे. पुढे १९७८ साली येथे नोकरीला आलो, तेव्हा त्या बावट्यांचा पूर्ण अर्थ समजला. ते एकंदर अकरा आहेत. दिवसा खांबावर शंकू आणि पिंपे यांच्या आकृती चढवतात, रात्री तांबडे व पांढरे दिवे लावतात. पहिले दोन दूरच्या समुद्रातील वादळाचे. तिसरा आणि चौथा बंदराला धोका संभवतो असे सांगणारे. पाच ते सात संकटाचे, आठ ते दहा महासंकटाचे; वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार हेही त्यांतून कळते. दहापुढे आणखी काय उरणार, असे मला वाटले होते. एका वृद्ध सहकाऱ्याने सांगितले, "अकरावा बावटा म्हणजे हवामानखात्याशी संपर्क तुटला. बातमी येणे बंद झाले आहे. आता जे करायचे ते आपल्याच समजुतीने."

तेव्हा मला या अकराव्या बावट्याचे केवळ नवल वाटले. त्याचे मोल कळायला ३६ वर्षे जावी लागली.

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार. त्या दिवशी या शहरावर आलेल्या चक्रीवादळाचे नाव हुदहुद. ओमान देशाने सुचवलेले हे नाव एका पक्ष्याचे. आपल्याकडे त्यालाच हुदहुद्या म्हणतात. शेतात चोच खुपसत तुरुतुरु चालणाऱ्या त्या गरीब पाखराचे नाव अशा संहारकाला मिळावे, हा एक योगायोगच. वादळाची सूचना आपल्याला कित्येक दिवस आधी मिळाली होती, हे प्रथम कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. सकाळपासून वारा उत्तरेच्या अंगाने असा काही सुटला की खिडक्यांच्या काचा एकामागून एक फुटू लागल्या. वीज गेली, दूरदर्शन बंद पडले, भ्रमणध्वनी मुके झाले. माझ्या घरावर अकरा नंबरचा बावटा लागला होता.

जालारीपेटेतल्या एक बाई आमच्याकडे घरकामाला येत. त्या पिढीजात कोळ्याच्या घरातल्या. आदल्या रात्रीच मुलाबाळांसह त्या आमच्या इमारतीत आश्रयाला आल्या होत्या. दुपारी एकाएकी वारा पडला. आभाळ उजळले. जो तो दारे उघडून बाहेर डोकावू लागला. मीही चपला पायांत सरकवल्या, तोच त्या बाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबूगारू, वारा गेलेला नाही. तो वळायला गेला आहे."

मी बंदरात चौतीस वर्षे काढलेला मनुष्य. चक्रीवादळाच्या पोटात एक शांत भाग असतो, त्याला वादळाचा डोळा म्हणतात, हे मी कागदांवर शेकडो वेळा वाचलेले. परंतु कागदावरचे ज्ञान आणि पायांतल्या चपला यांची गाठ त्या क्षणी पडली नाही. ती बाईंनी घालून दिली. मी परतलो. थोड्याच वेळात वारा पुन्हा सुरू झाला, तो नेमका उलट दिशेने, दक्षिणेच्या अंगाने. पहिल्या वाऱ्याने खिळखिळे केलेले जे जे होते, ते दुसऱ्याने पाडले.

आता जे सांगणार आहे ते सांगणे मला सोपे नाही. शेजारच्या इमारतीत आपल्या मंडळाचेच एक वयोवृद्ध सभासद राहत. निवृत्तीनंतर मुलाकडे आलेले; तेलुगू त्यांना येत नसे. वारा पडलेला पाहून ते वाहनाचे काय झाले ते बघायला खाली उतरले. वारा उलटला आणि आवाराची भिंत त्यांच्यावर आली. मांडीचे हाड मोडले. रस्त्यांवर झाडे आडवी पडलेली, त्यामुळे रुग्णालयात नेण्यास दुसरा दिवस उजाडला. त्यांचे प्राण वाचले, पण पुढे अखेरपर्यंत काठी सुटली नाही. माझ्या जिन्यापासून त्यांच्या जिन्यापर्यंतचे अंतर वीस पावलांचे. बाईंनी मला दिलेला निरोप मी त्या वीस पावलांपलीकडे पोहोचवला नाही. खिडकीतून हाक मारली असती तरी ती ऐकू गेली असती. स्वतः वाचलो, या समाधानात मी दार लावून बसलो.

त्या वीस पावलांचा विचार मी तेव्हापासून करीत आलो आहे. आजचे हे भाषण त्यातूनच निघाले.

चक्रीवादळे बंगालच्या उपसागराला नवी नाहीत. इंग्रजीत त्यांना जो 'सायक्लोन' शब्द आहे, तोसुद्धा कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सर्पाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तो बनवला. याच पिडिंग्टनने १८५३ साली, मातला नदीच्या मुखाशी बंदर उभारण्याची योजना निघाली तेव्हा, तेथे वादळाबरोबर समुद्र चढून येईल असा लेखी इशारा दिला होता. बंदर तरी उभारले गेलेच, आणि १८६७ सालच्या वादळाने त्याची धूळधाण केली. तोवर पिडिंग्टन वारला होता. इशारा लिहिला जातो, तो वाचलाही जातो. मानला जाणे ही निराळी गोष्ट आहे.

चक्रीवादळाची शस्त्रे तीन: वारा, पाऊस आणि समुद्राचे चढून आलेले पाणी. वाऱ्याचे भय सर्वांना वाटते, पण इतिहासात सर्वांत अधिक बळी घेतले ते तिसऱ्याने. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब उतरतो. दाब एका मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर उचलले जाते. पण तो भाग थोडा. खरे काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतो, आणि किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ असला तर त्या पाण्याला खाली जायला वाव राहत नाही. ते मग जमिनीवर चढते. त्यातच भरतीची वेळ असली तर संकट दुणावते.

या पाण्याने काय होते, ते आपल्या आंध्रने १९ नोव्हेंबर १९७७ रोजी पाहिले. कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिविसीमा भागात सुमारे पाच मीटर उंचीचा लोंढा कित्येक मैल आत शिरला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मी येथे आलो तेव्हा त्या घटनेला वर्षही लोटले नव्हते. कचेरीत तिच्याविषयी लोक आवाज खाली करून बोलत. पुढे मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तशाच तोडीचे वादळ आले. या खेपेस मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला. ओडिशातही असेच घडले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन आले, तेव्हा मृतांची संख्या काही डझनांवर थांबली.

मधल्या वर्षांत वादळे सौम्य झाली नव्हती. मग बदलले काय? उपग्रह आले, रडार आले, हे तर खरेच. परंतु त्याबरोबर गावोगाव उंच खांबांवरचे पक्के निवारे उभे राहिले, आणि आधी बाहेर पडण्याची सवय लागली. १९९० साली आंध्रात लाखो लोक हलवण्यात आले. २०१३ साली ओडिशात दहा लाखांहून अधिक. दहा लाख माणसे केवळ हुकमाने उठत नाहीत. कोणीतरी प्रत्येक दारापर्यंत चालत जावे लागते, म्हाताऱ्या आजीला पटवावे लागते, दावणीची गाय सोडावी लागते. शेवटची वीस पावले कोणीतरी चालले, म्हणून ते आकडे बदलले.

वादळ निदान आधी वर्दी देते. त्सुनामीचे तसे नाही. २६ डिसेंबर २००४, नाताळनंतरचा रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रतळ फाटला. भूकंपाची तीव्रता ९.१. समुद्राचा तळ उचलला गेला की वरचे सारे पाणी उचलले जाते आणि लाटा चहूकडे धावू लागतात. चार हजार मीटर खोल समुद्रात त्यांचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या पुढे असतो, उंची मात्र इतकी अल्प की वर तरंगणाऱ्या गलबताला त्यांचा पत्ताही लागू नये. किनाऱ्याजवळ येताच त्यांचा वेग घटतो, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि लाटेची भिंत होते. मुख्य भूमीवरील आपल्या किनाऱ्यास ते पाणी सुमारे अडीच तासांनी लागले. कार निकोबार बुडाले तेव्हा मद्रासच्या समुद्रकाठी फिरणाऱ्यांना तासाहून अधिक अवधी शिल्लक होता. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. अडीच तासांत निरोप पोहोचला नाही, कारण निरोप देणारी यंत्रणाच नव्हती.

त्याच सकाळी पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या कोळीवस्तीत जे घडले ते आपण परगावी राहणाऱ्यांनी तर विसरूच नये. त्या गावचा एक तरुण सिंगापुरात नोकरीला होता. तेथे बातमी कळताच त्याने घरी दूरध्वनी केला. घरातून उत्तर आले की समुद्राचे पाणी आत येऊ लागले आहे. सगळ्यांना घेऊन पळा, असे त्याने निक्षून सांगितले. गावात डॉक्टर स्वामिनाथन यांच्या संस्थेने उभारलेले माहितीकेंद्र होते आणि तेथे ध्वनिक्षेपक होता. केंद्राचे कुलूप तोडून गावकऱ्यांनी त्यावरून हाकाटी केली. साडेतीन हजारांहून अधिक वस्तीचे ते गाव. घरे मोडली, होड्या गेल्या, पण माणूस एकही गेला नाही. घरापासून दूर असलेल्या एकाने केलेला एक दूरध्वनी आणि तो निरोप स्वतःपाशी न ठेवता गावभर पोहोचवणारी माणसे, एवढे भांडवल पुरेसे झाले.

आणि जेथे दूरध्वनीही नव्हता तेथे? सुमात्राजवळच सिमेउलुए नावाचे बेट आहे. भूकंपाच्या उगमापासून अगदी जवळ. वस्ती सुमारे ७८ हजारांची. त्या दिवशी तेथे सात माणसे मरण पावली, फक्त सात. कारण १९०७ साली त्या बेटावर अशीच लाट येऊन गेली होती, आणि तिची आठवण लोकांनी 'स्मोंग' या एका शब्दात जपून ठेवली होती. आज्या नातवंडांना गाण्यांतून आणि गोष्टींतून सांगत आल्या: जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे सरला की काही न घेता डोंगर गाठा. सत्त्याण्णव वर्षांनी जमीन हलली आणि सारे बेट डोंगराकडे निघाले. अकराव्या बावट्याचा अर्थ त्यांना आधीच पाठ होता.

आज यंत्रणा उभी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्रात २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र अहोरात्र चालते. वादळासाठी हवामानखाते टप्प्याटप्प्याने सूचना काढते. किनाऱ्याला सावधगिरीचा इशारा ४८ तास आधी मिळतो, वादळाचा निश्चित इशारा २४ तास आधी. २०२० साली ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना त्सुनामीसाठी सज्ज म्हणून युनेस्कोच्या महासागर आयोगाने मान्यता दिली. हे सारे अभिमानास्पद आहे. पण शेवटची वीस पावले कोणत्याही उपग्रहाला चालता येत नाहीत.

म्हणून काही गोष्टी पाठ असाव्यात. वादळाची सूचना आली की पिण्याचे पाणी भरून ठेवावे. विजेरी, आकाशवाणीचा लहान संच, त्यांची बॅटरी, आठवड्याची औषधे, कोरडा खाऊ आणि महत्त्वाची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत एके ठिकाणी असावीत. अफवा ऐकू नये, पसरवू तर नयेच. सखल भागात घर असेल आणि निघा म्हणून सांगितले, तर दिवसाउजेडी निघावे. वारा एकाएकी पडला तर घरातच राहावे. वादळ सरल्यावर लोंबत्या तारांपासून दूर राहावे.

त्सुनामीची लक्षणे तीन: किनाऱ्यावर उभे राहणे कठीण व्हावे असा जोराचा किंवा बराच वेळ चालणारा भूकंप, समुद्राचे अवेळी फार मागे हटणे वा एकाएकी चढणे, आणि समुद्राकडून येणारा घनगंभीर आवाज. यांपैकी एकही जाणवले तरी सूचनेची वाट पाहू नये. उंच जागा गाठावी. तेवढा वेळ नसेल तर पक्क्या इमारतीचा तिसरा किंवा त्यावरचा मजला. उघड्या पडलेल्या वाळूवर शिंपले वेचायला जाऊ नये. पहिली लाट ओसरली म्हणजे संपले, असे मानू नये. त्या अनेक असतात, आणि पुढची लाट पहिलीहून मोठी असू शकते. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. वादळाची सूचना मिळाली की होडीने बंदर गाठायचे असते, पण त्सुनामीची सूचना खोल समुद्रात मिळाली तर तेथेच थांबायचे असते.

हे झाले येथल्यापुरते. पण आपल्यापैकी निम्म्यांची मुळे कोकणात आहेत. पूर्वी आपण म्हणत असू, वादळे पूर्वेची, पश्चिमेचा समुद्र शहाणा. ते खरे नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याच्या लाटांनी मुंबईतही माणसे ओढून नेली. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्रातील तीव्र वादळे वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. २००९ चे फयान, २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते आपल्या ध्यानात आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. साथीमुळे आधीच सारे घरांत कोंडलेले. श्रीवर्धनला माझे थोरले बंधू आणि वहिनी दोघेच. आदल्या दिवशी मी दूरध्वनीवर म्हणालो, "दादा, मध्येच वारा पडला तर बाहेर पडायचे नाही. तो वळायला गेलेला असतो." दादा हसले, म्हणाले, "मला वादळ शिकवतोस?" त्यानंतर नऊ दिवस दूरध्वनी लागला नाही. दहाव्या दिवशी आवाज ऐकू आला. घरावरची कौले गेली होती. वाडीतली रोठा सुपारीची झाडे, आमच्या वडिलांनी लावलेली, बहुतेक सारी आडवी झाली होती. "पण शेजाऱ्यांना सांगितले हो तुझे," दादा म्हणाले. "चार घरे आत बसली."

जालारीपेटेतल्या बाईंचे ते एक वाक्य दोन समुद्र ओलांडून श्रीवर्धनला पोहोचले होते. मी ते दादांना सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते काठी टेकत चालणारे सभासद उभे होते.

सभासदहो, सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, मराठीत एक पानाचे सूचनापत्र छापून प्रत्येक घराच्या दारामागे लावावे, कारण आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना तेलुगूतील घोषणा समजत नाहीत. दुसरी, प्रत्येक भागातील एका कुटुंबाने आसपासच्या मराठी घरांचा, विशेषतः एकट्यादुकट्या वृद्धांचा, भार घ्यावा. सूचना आली की दूरध्वनी नव्हे, प्रत्यक्ष दारावर जाऊन थाप मारावी. शेजारची घरे मराठी नसली तरी तेथेही थांबावे. तिसरी, गणेशोत्सवात एक संध्याकाळ मुलांसाठी राखावी आणि जालारीपेटेतील जुन्या कोळ्यांना सन्मानाने बोलावून त्यांच्या तोंडून समुद्र ऐकावा. सिमेउलुएच्या आज्यांनी जे केले ते आपल्याला जमण्यासारखे आहे.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारी आपली माणसे. त्या नमस्कारात भक्ती आहे तशी त्याच्या सामर्थ्याची ओळखही आहे. ती ओळख आपण गाव सोडताना मागे ठेवून आलो असलो, तर पुन्हा करून घेऊ या. बातमी येणे बंद होईल असा दिवस पुन्हा येईल. त्या दिवशी आपल्यापैकी प्रत्येकाने दार लावण्यापूर्वी वीस पावले चालावीत, एवढेच माझे मागणे.